मदत हवी आहे: नाताळात मुलांना घेऊन बेघर माणसांसाठी काय करावं? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

आम्ही शाहूपुरीत राहतो. घरात मी, नवरा, सासूबाई आणि दोन मुलं. थोरली अकरा वर्षांची, धाकटा सात. मागच्या वर्षी २४ डिसेंबरला कॅरलला जायच्या आधी आम्ही आणि आमच्या चर्चच्या मंडळीतली आणखी दोन घरं मिळून एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशनच्या बाजूला उघड्यावर झोपणाऱ्या लोकांकडे गेलो होतो. यंदाही जायचंय. पण मागच्या वेळचं मनातून जात नाही, म्हणून विचारतेय.

महाद्वार रोडवरून बारा ब्लँकेटं आणली होती. मुलांनी फराळाची पाकिटं बांधली: करंजी, शंकरपाळी, चिवडा. स्टँडजवळच्या एका बंद दुकानाच्या पायरीवर एक आजी बसल्या होत्या. लेकीनं ब्लँकेट दिलं. आजींनी त्यावरून हात फिरवला, परत नीट घडी घातली आणि तिच्याच हातात दिलं. म्हणाल्या, "चांगलं हाय गं पोरी. पर सकाळच्याला दुकान उघडलं की हे मी कुठं ठिवू?"

आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. त्यांच्याजवळ एकच कापडी पिशवी होती, एक बंद तुटलेला, गाठ मारलेला. रात्री तीच उशाला. करंजी मात्र घेतली. फोडून आतलं सारण खाल्लं, कडा तशाच कागदात गुंडाळल्या. तेव्हा लक्षात आलं की त्यांना दातच नाहीत.

आणखी एक. आमच्यातल्याच एकांनी फोटोसाठी मोबाइल वर केला, तर पलीकडे आडवे झालेल्या काकांनी टॉवेल तोंडावर ओढून घेतला. मी फोटो पुसायला लावला, पण त्यांना जे वाटायचं ते वाटून गेलंच होतं.

घरी आल्यावर लेक विचारत होती, आज्जी उद्या कुठं जाईल? सासूबाई म्हणाल्या, शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा बोर्डिंग काढलं, पुढं एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं झाली, ख्रिस्ती मुलांसाठीसुद्धा. बाहेरगावच्या पोराला पथारी टाकायला जागा देणारं हे गाव, आणि त्या म्हातारीची पिशवी दिवसभर कुठं ठेवायची सोय नाही. मलाही तेच खुपतंय.

तर न्यायचं काय? सासूबाईंचं म्हणणं, मऊ भात आणि आमटी करून न्यावी. पण पन्नासेक जणांचं करून पोचेपर्यंत गरम कसं राहील? आजींसारख्या कुणाला निवाऱ्यात जायचं असेल तर आपण काय करायचं, कागदपत्रं लागतात का? आणि मुलांना आधी काय सांगून न्यावं? त्यांनी घाबरू नये, पण दान करायला आलोय असा तोराही नको.

प्रतिसाद १
ताई, मी नर्स आहे, सुट्टीच्या दिवशी असं काम करते. अंगावर राहील ते द्या. कानटोपी, मोजे, पुढून उघडणारा स्वेटर. ते सकाळी कुठं ठेवावं लागत नाही. जेवणाला मुगाची मऊ खिचडी, तिखट कमी. भात दुपारी करून झाकून ठेवू नका, कोमट भात लवकर बिघडतो आणि रात्री जुलाब लागले तर त्या माणसानं जायचं कुठं? निघायच्या तासभर आधी शिजवा, जाड डब्यात भरा. बऱ्याच म्हाताऱ्यांना साखर असते, त्यामुळे गोड विचारूनच. पायाला जखम दिसली तर सीपीआरला (इथल्या सरकारी दवाखान्यात) दाखवायला सोबत जा. मुलांना एवढंच सांगा, आधी नमस्कार करायचा, नाव विचारायचं, शेजारी बसायचं.

प्रतिसाद २
निवाऱ्याबद्दल. शहरात दर १ लाख लोकसंख्येमागे बेघरांसाठी चोवीस तास उघडा निवारा हवा, असे आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिलेत. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर साडेपाच लाखांच्या आसपास होतं, हिशेब तुम्हीच करा. महापालिकेत दिवसा जाऊन जागा, वेळ, कागदपत्रं सगळं विचारून या, जमलं तर निवारा डोळ्यांनी बघा, मगच कुणाला सांगा. साठीच्या पुढच्यांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८. पण आजी नको म्हणाल्या तर ओढून नेऊ नका. ओळखीची पायरी सोडायला माणूस सहज तयार होत नाही.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी मी आणि लेक नुसता चहाचा थर्मास घेऊन गेलो. टॉवेलवाले काका भेटले, दोन कप चहा घेतला, लेकीला शाळा विचारली. आजी दिसल्या नाहीत. काका म्हणाले, हल्ली त्या अंबाबाईच्या देवळाकडं असतात. रविवारी उपासना झाली की तिकडं बघून येतो. सोमवारी नवरा महापालिकेत जाणार आहे. सासूबाई कानटोप्या विणायला बसल्यात, सहा झाल्या. कुणाकडे उरलेली लोकर असेल तर कळवा, रंग कुठलाही चालेल.