दोन्ही मेंदूज्वरच?

अनुवादिका: रुग्णांच्या नातेवाइकांसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. एन्सेफलायटिस म्हणजे खुद्द मेंदूला सूज, मेनिंजायटिस म्हणजे त्याच्या आवरणाला. आपण दोन्हींना सर्रास मेंदूज्वर म्हणतो, पण इथे दोन्ही एकाच वाक्यात येतात. 'मस्तिष्कदाह' आणि 'मस्तिष्कावरणदाह' लिहून पाठवलं, तर शेरा आला, "कुणाला कळणार?" काय लिहावं?

वाटसरू: मेंदूज्वरच ठेवा. रुळलेला शब्द आहे.

जुनी_वही: अजिबात नको. विषाणूमुळे आवरण सुजलं तर ताप, डोकेदुखी, मान ताठ, पण माणूस बहुधा शुद्धीत असतो. मेंदूच सुजला की असंबद्ध बोलणं, झटके, गुंगी. 'मेंदूची सूज' आणि 'मेंदूच्या आवरणाची सूज' लिहा. समास हवेतच कशाला?

अनुवादिका: पटलं. आता पुढची अडचण. तपासणीच्या यादीत हर्पिस सिम्प्लेक्स आहे, तिथे 'नागिणीचा विषाणू' लिहिलं. खालच्याच ओळीत व्हॅरिसेला झोस्टर. तिथेही नागीणच!

ऋतुगंध: नागीण झोस्टरची, म्हणजे कांजिण्यांच्याच विषाणूची. सिम्प्लेक्सने ओठावर पुटकुळ्या येतात. माझ्या मामाच्या अहवालात सिम्प्लेक्स निघाला. कुणीतरी मामीला नागीण म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "अंगावर कुठे उठली नाही, मग डोक्यात कशी शिरली?" असायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध अहवालाची वाट न बघता सुरू केलं होतं, म्हणून मामा आज आहे.

वाटसरू: ग्रीक 'हेर्पेइन' म्हणजे सरपटणं. आपला 'सर्प' त्याच मुळातला. मग नागीण चूक कशी?

जुनी_वही: व्युत्पत्ती सुंदर आहे, पण नातेवाईक अहवाल वाचतात, व्युत्पत्ती नाही. एका ओळीत 'आढळला', दुसरीत 'आढळला नाही' आणि नाव एकच! हर्पिसच लिहा.

वाटसरू: म्हणजे पीसीआरलाही मराठी नको?

ऋतुगंध: करोनानंतर पीसीआर घरोघरी पोचलंय. मला खटकतं ते तपासणीसाठी कण्यातून काढतात त्या द्रवाला 'पाठीतलं पाणी' म्हणणं. आजाराच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याच्या पीसीआरमध्ये सिम्प्लेक्स कधीकधी सापडत नाही. मामाचंही तसंच झालं, म्हणून काही दिवसांनी पुन्हा पाणी काढलं. मामीला वाटलं, छातीत पाणी होतं तसं पाठीत झालंय आणि काढूनही परत भरलं. रात्रभर रडत होती. ते पाणी प्रत्येकाच्या मेंदूभोवती असतंच, हे त्या शब्दातून कुठे कळतं?

जुनी_वही: 'मेरुद्रव' आहे की.

अनुवादिका: तो शब्द माझ्या पत्रकातून आधीच कापला गेलाय. 'मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव' चालेल?

वाटसरू: द्रव म्हणजे लोकांच्या लेखी पुन्हा पाणीच.