मदत हवी आहे : 'मेडिआ'मधला कोरस आज कसा उभा करावा?

नमस्कार मंडळी. आमचा हौशी गट ग्रीक नाटककार युरिपिडीसची 'मेडिआ' मराठीत करतोय. इ.स.पू. 431 मध्ये अथेन्सला झालेलं हे नाटक. मुखवटे, सगळे पुरुष नट, उघड्यावरचं प्रचंड प्रेक्षागृह, हे फरक समजतात आणि त्यातून वाटही काढता येते. अडलंय ते कोरसपाशी, म्हणजे गाणारा, घडणाऱ्या गोष्टींवर बोलणारा जो समूह असतो त्याच्यापाशी.

इथे हा कोरस म्हणजे कॉरिंथ शहरातल्या बायका. त्या जवळजवळ पूर्ण वेळ रंगमंचावर असतात. नवऱ्याने सोडलेली मेडिआ सूड घ्यायचं ठरवते आणि त्यांच्याकडून गप्प राहण्याचं वचन घेते. पुढे ती स्वतःच्याच मुलांना मारणार हे कळल्यावर त्या विनवतात, पण कुणाला सांगत नाहीत. आतून मुलांच्या किंकाळ्या येतात, आत जावं का असं त्या म्हणतात, आणि जात नाहीत. मला हा नाटकातला सगळ्यात भयंकर क्षण वाटतो. वास्तववादी पद्धतीने केलं तर मात्र प्रेक्षक विचारणार, 'अहो, दार का उघडत नाही?'

इब्सेनच्या 1879 च्या 'डॉल्स हाउस'मध्ये असा समूहच नाही. त्यातली नायिका नोरा मन मोकळं करते ते मैत्रिणीपाशी, चार भिंतींच्या आत. आधुनिक नाटकाने कोरसचं काम असं एकेका पात्राकडे दिलं, असं मला वाटतं. पण 'घाशीराम कोतवाल'मधली माणसांची भिंत आठवली की समूह आजही चालतो याची खात्री पटते.

तर, कोरस एकाच बाईवर आणावा की समूहच ठेवावा? गाणी ठेवावीत की बोलून घ्यावीत? कुणी ग्रीक नाटक बसवलं असेल तर तालमीत काय जमलं, काय फसलं ते कृपया सविस्तर लिहा. आमच्याकडे आठ मुली आहेत.