मेमकॉपी लॅपटॉपवर बरोबर, बोर्डावर ०१ ०३ ०१ ०३

यंत्रमाग_९:
वीजमीटरकडून मॉडबसवर (उपकरणांनी एकमेकांशी बोलायचा प्रोटोकॉल) ९ बाइटची फ्रेम येते: ०१ ०३ ०४, मग ४ बाइट रीडिंग, शेवटी २ बाइट सीआरसी (चूक पकडायचा तपास-आकडा). पुढे पाठवताना तिच्याआधी २ बाइट लांबी लावायची असते. दुसरा बफर (बाइट ठेवायची मेमरीतली जागा) घ्यायचा कंटाळा, म्हणून त्याच बफरात मेमकॉपीने (सी भाषेतलं बाइट कॉपी करायचं फंक्शन) सगळं २ घरं पुढे सरकवतो. लॅपटॉपवर चकाचक. कॉर्टेक्स-एम (छोट्या उपकरणांतला प्रोसेसर) बोर्डावर मात्र ०१ ०३ ०१ ०३, शेवटपर्यंत तेच. दोन रात्री मीटरला शिव्या घातल्या, केबल बदलली. आज सिग्नल दाखवणारा लॉजिक अ‍ॅनलायझर लावला तर तारेवर फ्रेम नीट येतेय! कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा) गंडलाय का?

जुनाखोड:
कंपायलरला सोडा हो. बोर्डावरची मेमकॉपी बाइटमागून बाइट उचलणारी साधी लूप दिसतेय. पहिल्या घरातला बाइट तिसऱ्यात गेला, दुसऱ्यातला चौथ्यात. आता तिसऱ्यातला पाचव्यात न्यायचा, तर तिथला ०४ केव्हाच पुसला गेलाय, ०१ बसलाय. तोच पुढे जातो. दोन्ही जागा एकमेकींवर चढत असतील तर मेमकॉपीची सी स्टँडर्ड काहीच हमी देत नाही. मेममूव्ह घ्या, ती अशा वेळी शेपटाकडून सुरू करते.

यंत्रमाग_९:
मग लॅपटॉपवर कसं चाललं?

जुनाखोड:
नशिबाने. तिथली जीलिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी, मेमकॉपी तिच्यातलीच) ९ बाइटांसाठी आठ-आठचे दोन, एकमेकांवर चढणारे घास आधी रजिस्टरात (प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यांत) घेते, मग लिहिते. त्यामुळे काही पुसलं जायच्या आत सगळं वाचून झालेलं असतं. या नशिबावर विसंबून ब्राउझरमध्ये व्हिडिओ दाखवणारा फ्लॅश प्लेअरही फसला होता. २०१० मध्ये फेडोरा १४ या लिनक्सवर जीलिबसीची नवी मेमकॉपी उलट्या दिशेने कॉपी करू लागली आणि व्हिडिओंचा आवाज खरखरायला लागला. बग रिपोर्टात खुद्द लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स वाद घालत होते. शेवटी जीलिबसी २.१४ मध्ये जुन्या प्रोग्रामांसाठी जुनी वागणूक राखून ठेवली.

बिटबिट:
लॅपटॉपवर अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून चालवा, तो ओव्हरलॅप तिथेच पकडतो. मी तर सरकवासरकवी असली की डोळे झाकून मेममूव्हच लिहितो.

यंत्रमाग_९:
मेममूव्ह टाकली, रीडिंग आलं! पण बफर पुसायच्या फंक्शनात मेमसेटला (सगळे बाइट एकाच किमतीने भरणारं फंक्शन) लांबी म्हणून साइझऑफ बफर दिलंय, तर पहिले ४ बाइटच शून्य होतायत...

जुनाखोड:
फंक्शनात पोचेपर्यंत अ‍ॅरेचा पॉइंटर (नुसता पत्ता) झालेला असतो, आणि तुमच्या बोर्डावर पॉइंटर ४ बाइटचा. लांबी वेगळी पाठवा. आणि झोपा आता.