मुंबई–न्यूयॉर्क डायरेक्ट फ्लाइट: जाताना १६ तास आणि येताना साडेचौदा, असं का?

कल्याणकर_काका:
मेमध्ये मी आणि सौ. लेकीकडे चाललोय, पहिल्यांदाच. तिकिटावर मुंबईहून रात्री १.३० ला निघून त्याच दिवशी सकाळी ८ ला न्यूयॉर्क, म्हणजे साडेसहा तास?? जावई म्हणतात १६ तास बसायचंय. सप्टेंबरात येताना सकाळी ११.३० ला निघून दुसऱ्या दिवशी ११.३०, तर तिथे म्हणे साडेचौदाच. अंतर तेच ना? आणि नकाशात बघितलं तर सौदी, इजिप्त, अटलांटिक असं सरळ जाता येतंय, मग हे विमान वर युरोपात कशाला तडमडतं?

खिडकीवाली_सीट:
काका जावई बरोबर सांगतायत. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. मेमध्ये न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे, म्हणजे तिथे सकाळचे ८ तेव्हा कल्याणला संध्याकाळचे साडेपाच, आता मोजा. (नोव्हेंबर ते मार्च हाच फरक साडेदहा होतो, तेव्हा लेकीला फोन करताना घोळ नको.)

बंड्या_०७:
पृथ्वी फिरते ना, म्हणून येताना वेळ कमी लागतो. सिंपल.

विमानवेडा:
बंड्या, पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग तुझ्या हिशोबाने जाताना न्यूयॉर्कच विमानाकडे सरकत येणार, लवकर पोचायला नको का? हवापण पृथ्वीबरोबरच फिरते रे, तो हिशोब सोड. खरी भानगड जेट स्ट्रीमची. १०-१२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा असतो, थंडीत तर ताशी २०० किमीच्याही वर जातो. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. काका, समोरच्या स्क्रीनवर नकाशा लावून ग्राउंड स्पीड (जमिनीच्या हिशोबाने विमानाचा ताशी वेग) बघत बसा, जाताना ८०० च्या आसपास दिसेल आणि येताना कधीकधी हजार ओलांडतो, टाइमपास होतो मस्त.
रस्त्याचं म्हणाल तर नातवाचा पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा वर सरकून पार नॉर्वे-आइसलँडच्या मधून जातो. ते अंतर साधारण १२,५०० किमी. तुमची नकाशावरची सरळ रेघ १४,००० च्या वर भरते. अर्थात विमान अगदी दोऱ्यावरून जात नाही, वारा बघून रोज रस्ता बदलतात, शिवाय एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली तो वळसा आहेच.

खिडकीवाली_सीट:
ते सगळं ठीक, पण काका आइल सीट (मधल्या वाटेकडची) घ्या आणि दर दीड-दोन तासांनी उठून फेरी मारा, पाय सुजतात. पोचल्यावर कितीही झोप आली तरी रात्र होईपर्यंत आडवं व्हायचं नाही, नाहीतर आठवडाभर पहाटे ३ ला टक्क जागे.

कल्याणकर_काका:
आभार! सौ. चे गुडघे दुखतात, व्हीलचेअर एअरपोर्टवर गेल्यावर मागितली तर चालेल ना?

विमानवेडा:
नको, आजच कंपनीला फोन करून बुकिंगमध्ये टाकून घ्या. आयत्या वेळी मागितली तर थांबावं लागतं, आणि न्यूयॉर्कला इमिग्रेशनची रांग मोठी असते, तिथे खरी उपयोगी पडेल.