मदत हवी आहे: विषय पक्का आहे, पण संशोधनाचा प्रश्न जमत नाहीये (नर्सिंग, पदव्युत्तर)

नमस्कार मंडळी,
सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) द्यायची तारीख जवळ आली आहे आणि माझं घोडं प्रश्नापाशीच अडलंय. विषय मनापासून निवडलेला आहे: सर्जिकल वॉर्डातल्या रुग्णांची रात्रीची झोप. ऑपरेशन होऊन दोन-तीन दिवस झालेला, तब्येत स्थिर असलेला पेशंट. रात्री दोनला आम्ही बीपी-टेंपरेचर बघायला जातो. दिवा लागतो, दंडावर कफ आवळतो, तो दचकून उठतो. मशीनचा आवाज थांबेपर्यंत शेजारचाही जागा झालेला असतो. सकाळी राउंडला दोघांचं एकच उत्तर, "झोपच नाही लागली." हे रोज बघवत नाही, म्हणून यावरच काम करायचंय.

मी लिहिलेला प्रश्न: "रुग्णालयातील वातावरणाचा रुग्णांच्या झोपेवर काय परिणाम होतो?" गाइडनी "फार ढोबळ" एवढाच शेरा मारून परत दिला. प्रश्न मांडायचा पिको साचा माहीत आहे, म्हणजे रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी आणि मोजायचं काय. पण चारही रकाने भरले तरी हाती नुसतं लांबलचक वाक्य येतं. प्रश्नात जीव कुठून येतो? कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

प्रतिसाद १
तुमचा प्रश्न तुमच्या पहिल्याच परिच्छेदात आहे! "वातावरण" मोजता येत नाही, रात्री दोनचं बीपी मात्र मोजता येतं, टाळता येतं, पुढे ढकलता येतं.

मी विद्यार्थ्यांना एकच गोष्ट करायला सांगते. उत्तर "हो" आलं तर उद्या वॉर्डात काय बदलेल ते लिहा, आणि "नाही" आलं तर काय, तेही लिहा. दोन्हीकडे काही ठोस लिहिता आलं तर प्रश्न घ्या. तुमचा आत्ताचा प्रश्न इथेच गळतो, कारण वातावरणाचा परिणाम "होतो" असं कळल्यावर कोणी काय करायचं?

नर्सिंगमधलंच उदाहरण देते. सलाइनसाठी हातात लावलेला कॅन्युला नियमाने तिसऱ्या दिवशी बदलायचा, की गरज पडेल तेव्हाच? ऑस्ट्रेलियात ३,२८३ रुग्णांवर याची चाचणी झाली, २०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. शिरेला सूज येण्याचं प्रमाण दोन्ही गटांत ७ टक्के. म्हणजे नियम म्हणून पुन्हा टोचण्यात रुग्णाचा काही फायदा नव्हता. किती साधा प्रश्न, पण उत्तर काहीही आलं असतं तरी कामाचंच होतं. असे प्रश्न ड्यूटीवरच सापडतात.

प्रतिसाद २
वरच्या प्रतिसादाशी सहमत. माझा भर "मोजायचं काय" या रकान्यावर. सगळ्यात कमी विचार तिथे होतो आणि सगळ्यात मोठा घोटाळाही तिथेच होतो.

हार्ट अटॅकनंतर हृदयाचे ठोके अनियमित पडतात, म्हणून ते दाबणारी औषधं दिली जात. ईसीजी सुधारलेला दिसे. 'कास्ट' नावाच्या चाचणीने मात्र विचारलं, की रुग्ण जगतात का? १९८९ मध्ये उत्तर आलं: एन्कॅनाइड आणि फ्लेकॅनाइड घेणाऱ्यांत मृत्यू प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या गोळीपेक्षा) जास्त! चाचणीचा तो भाग थांबवावा लागला. सोयीचं मोजण्याऐवजी रुग्णाला ज्याने फरक पडतो ते मोजलं, म्हणून हे कळलं.

तुमच्याकडे "नर्सच्या मते रुग्ण झोपला होता" ही सोयीची नोंद आहे. ती घेऊ नका. डोळे मिटून पडलेला माणूस झोपलेला असतोच असं नाही. त्यालाच विचारा. रिचर्ड्स-कॅम्पबेल प्रश्नावली आहे, पाचच प्रश्न, प्रत्येकाला ० ते १०० गुण. आयसीयूसाठी बनवलेली आहे, त्यामुळे वॉर्डात कोणी वापरली आहे का ते आधी शोधा.

प्रतिसाद ३
घाईत लिहितोय. पिको हा उपायांची तुलना करायचा साचा आहे. रुग्णांना रात्री किती वेळा आणि कशाने जाग येते, हेच तुमच्या वॉर्डात कोणी मोजलेलं नसेल तर आधी तेवढंच मोजा. वर्णनात्मक अभ्यास म्हणून कमी लेखू नका. हाताशी वेळ किती, रुग्ण किती मिळतील, हे बघूनच ठरवा.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार! आत्ता लिहिलेलं टाकते:

"पोटाच्या नियोजित शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या रात्रीपासून स्थिर असलेल्या प्रौढ रुग्णांमध्ये, रात्री ११ ते सकाळी ५ बीपी-टेंपरेचरच्या नियमित नोंदी न घेतल्यास, नेहमीप्रमाणे नोंदी घेण्याच्या तुलनेत रुग्णाने स्वतः सांगितलेली झोप सुधारते का?"

धाकधूक एकच आहे. त्या सहा तासांत कोणाची तब्येत बिघडली तर? एथिक्स कमिटी हेच विचारणार.

प्रतिसाद १
छान! आता "स्थिर" कोणाला म्हणायचं ते आकड्यात बांधा. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या 'न्यूज २' या २०१७ च्या गुणपद्धतीत नाडी, श्वास, बीपी वगैरे जितकं बिघडलेलं तितके गुण जास्त; एकूण गुण शून्य असतील तर नोंदी दर १२ तासांत किमान एकदा घ्यायला सांगितल्या आहेत. रात्री १० ला गुण शून्य असतील तरच रुग्ण घ्या, आणि सर्जननी नोंदी चालू ठेवायला सांगितलेले रुग्ण वगळा. शिवाय झोपेबरोबर दुसरं मोजमाप म्हणून सकाळच्या नोंदीत तब्येत बिघडलेले रुग्ण दोन्ही गटांत किती, हेही प्रस्तावातच लिहा. छोट्या अभ्यासातून सुरक्षिततेबद्दल ठाम काही म्हणता येणार नाही, तेही तिथेच स्पष्ट करा. हे घेऊन गाइडकडे जा आणि ते काय म्हणाले ते इथे नक्की कळवा.