चाळीच्या पुनर्विकासात घरातच काम करणाऱ्यांसाठी काय मागून घ्यावे?

प्रश्न (लालबागकर)

आमची चाळ पुनर्विकासाला निघाली आहे. एकूण 64 बिऱ्हाडे असून त्यांपैकी निदान वीस घरांत काही ना काही काम चालते. कोणी पोळीभाजीचे डबे करते, कोणी शिवणकाम, कोणी शिकवण्या घेते, आणि करोनानंतर दिवसभर लॅपटॉपवर बसणारी मुलेही वाढली आहेत. विकासकाने दाखवलेल्या नकाशात मात्र सर्व घरे एकाच साच्यातली आहेत: हॉल, किचन, बेडरूम. घडीचे पलंग आणि सरकत्या भिंती यांचे व्हिडिओ पुष्कळ पाहिले, पण त्यांवर माझा विश्वास बसत नाही. करारावर सह्या होण्यापूर्वी आराखड्यात नेमके काय मागावे?

उत्तर 1 (रेखांकन)

पहिला प्रश्न फर्निचरचा नसून इमारत कोणत्या पद्धतीने बांधणार, हा आहे. हल्ली उंच इमारतींत मायवान पद्धत सर्रास वापरतात. तीत ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकत्रच ओतले जातात. काम झपाट्याने होते, परंतु घरातील बहुतेक भिंती काँक्रीटच्या आणि भार वाहणाऱ्या होऊन बसतात. मग दहा वर्षांनी मुलगा वेगळा राहू लागला किंवा सुनेने पार्लर काढायचे ठरवले, तरी मधली भिंत हलवता येत नाही. कॉलम-बीमचा सांगाडा आणि आत हलक्या ब्लॉकच्या भिंती असतील, तर हा मार्ग खुला राहतो.

हा विचार नवा नाही. डच वास्तुरचनाकार हाब्राकेन यांनी 1961 मध्येच मांडले होते की सांगाडा सर्वांचा असावा आणि आतली मांडणी राहणाऱ्याची. ओसाका येथील 'नेक्स्ट 21' ही 1993 ची 18 घरांची इमारत याच तत्त्वावर उभी आहे. तिथे जमिनीखाली आणि छताखाली पोकळी सोडल्यामुळे नळ व सांडपाण्याच्या वाहिन्यासुद्धा जागा बदलू शकतात. एवढा खर्च आपल्याकडे कोणी करणार नाही, हे मान्य. पण निदान शाफ्ट (नळ-सांडपाण्याच्या वाहिन्या जाणाऱ्या उभ्या पोकळ्या) मोक्याच्या जागी असावेत आणि खिडकीजवळ पाण्याचा निचरा होईल असा एक जादा उतार सोडावा, एवढे मागता येते. वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत जोते, संडास-न्हाणीघर आणि नळजोडणी एवढेच पक्के दिले व बाकीचे घर लोकांवर सोडले. बदलायला अवघड ते आधी नीट करून घ्यायचे, हीच त्यातली मेख आहे.

उत्तर 2 (गच्चीवरून)

मी सात वर्षांपूर्वी चाळीतून चौदाव्या मजल्यावर आले. वरील उत्तर योग्य आहे, तरी माझा अनुभव थोडा निराळा सांगते. भिंतींनी माझे फारसे अडले नाही. अडले ते गॅलरीमुळे. चाळीत शिलाई मशीन दारासमोर असे, उजेड फुकट मिळे, गिऱ्हाईक घरात न शिरता माप देऊन जाई. आता दोन्ही बाजूंना दारे असलेला काळोखा पॅसेज आहे, आणि आगीच्या वेळची वाट म्हणून तिथे साधे स्टूलही ठेवू देत नाहीत (तेही बरोबरच आहे). उंचीही गेली. आमच्या जुन्या खोलीत पोटमाळा होता, त्यावर कापडाचे तागे राहत. नव्या घरात तो घालायला डोक्यावर जागाच नाही.

लिज्जतची सुरुवात 1959 मध्ये गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर केली. आमच्या गच्चीला कुलूप असते. म्हणून माझे म्हणणे असे की दर चार-पाच मजल्यांआड उजेडाची एक सामायिक खोली मागा, तिला स्वतंत्र मीटर घ्या, आणि ती सोसायटीच्या ऑफिसच्या नावाखाली गिळली जाणार नाही हे करारात लिहून घ्या. सकाळी पापड, दुपारी लॅपटॉप, संध्याकाळी शिकवणी, असा तिचा वापर सहज होईल. गिरणीच्या काळी एकाच खोलीत पाळीपाळीने माणसे झोपत. वेळ वाटून घेणे आपल्याला शिकवावे लागणार नाही.

उत्तर 3 (मीटरबॉक्स)

दोन रुक्ष गोष्टी. डब्यांच्या घरांचे तेलकट पाणी साध्या वाहिनीत गेले की खालच्या मजल्यावर तुंबते, त्यामुळे चरबी अडवणारी टाकी आताच मागा. विजेचा मंजूर भारही पुरेसा घ्या. शेगडी, ओव्हन आणि एसी एकत्र चालल्यावर नंतर केबल बदलणे फार महाग पडते. सामायिक खोलीची देखभाल कोण भरणार, यावर मात्र भांडण होणारच. वापरणाऱ्याकडून तासाप्रमाणे शुल्क घेणे मला त्यातल्या त्यात न्याय्य वाटते.

लालबागकर

सर्वांचे आभार. विकासकाला विचारले, बांधकाम मायवाननेच होणार आहे आणि ते बदलण्यास तो तयार नाही. तेव्हा हॉल आणि बेडरूममधली एक भिंत तरी ब्लॉकची ठेवावी, असा आग्रह धरणार आहोत. रविवारच्या सभेपूर्वी कोणत्या घरात कोणते काम चालते याची यादी दारोदार फिरून करतो. खिडकीजवळचा तो जादा उतार नकाशावर कसा दाखवतात, हे 'रेखांकन' यांनी सांगितल्यास उपकार होतील, कारण आमच्या समितीत नकाशा वाचणारा मी एकटाच आहे, आणि तोही जेमतेम.