मदत हवी आहे: पावसाळ्यात डेडलिफ्टची पकड सुटते

रत्नागिरीत डेडलिफ्टची (जमिनीवरून वजनाचा बार उचलण्याचा व्यायाम) सहा जणांची बॅच, एक कोच. छोट्या बॅचमध्ये कुणाची पाठ गोल झाली की तिथल्या तिथे टोकता येतं; अडीच किलो वाढवायचं की थांबायचं, हेही माणूस बघून ठरतं. पण जून लागला की घामाने बार निसटतो. पकड सांभाळताना बार नडगीपासून लांब जातो आणि सगळा भार कंबरेवर येतो. पकडीसाठी हाताला लावायची चॉकची पूड ओल धरून चिकट होते. बारच्या खाचांतला गंज नायलॉन ब्रशने काढून तेलाचा पुसट हात देतो (जास्त झालं तर आणखीच घसरतं!). मनगटाला बांधून बारला गुंडाळायचे पट्टे नवख्यांना नकोत, पकड कच्चीच राहते. मालवण-दापोलीकडे कोणी लिक्विड चॉक (हातावर लावून वाळवायचा पातळ चॉक) वापरतंय का? एवढ्या दमटात वाळतो का? पाच रेप्सच्या तीन सेटना एकदा लावून पुरतो?